आधी काठ मोजा, मग दिवस साजरा करा

येत्या दोन फेब्रुवारीला, जागतिक पाणथळ दिनी, सलीम अली सरोवराच्या काठावर किंवा शहरातल्या एखाद्या सभागृहात पाणथळ जागांचं महत्त्व सांगायला जो कोणी माईक हातात घेईल, त्याला मला विचारायचं आहे: ज्या तळ्याविषयी तुम्ही बोलताय, त्याची हद्द कुठून कुठपर्यंत आहे? जमिनीवर दाखवा, कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत? गेल्या दहा वर्षांत पाणी जिथवर चढलं त्या रेषेपासून पन्नास मीटर मोजले तर कोणाकोणाची भिंत आत येते? या तळ्याला किती नाले मिळतात आणि त्यांतले किती पावसाळा सरल्यावरही वाहतात? मराठवाड्यातला ओढा फेब्रुवारीत वाहत असेल तर त्यात कसलं पाणी असतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं.

या प्रश्नांची उत्तरं मंचावरच्या एकाकडेही नसतील तर तो कार्यक्रम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानं काही बिघडत नाही, निदान मुलांना पक्षी तरी दिसतात, असं मला सांगितलं जातं. बिघडतं, आणि पुष्कळ बिघडतं.

मी हे कार्यक्रम जवळून पाहिले आहेत. त्यांचा क्रम ठरलेला असतो. सकाळी पक्षीनिरीक्षण, म्हणजे एका दुर्बिणीभोवती चाळीस-पन्नास माणसांची गर्दी. प्रमुख पाहुणे नवाला यायचे असतात, ते साडेदहाला येतात. तोवर गणवेशातली मुलं उन्हात बसवून ठेवलेली. मग रोप देऊन स्वागत, कुंडीला पाणी घालून उद्घाटन, पाणथळ जागा म्हणजे पृथ्वीची मूत्रपिंडं हे दरवर्षीचं वाक्य, शपथ, चित्रकला स्पर्धेची बक्षिसं, पोहे आणि फोटो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तीन कॉलमी बातमी. आणि त्या फोटोत मधोमध कोण असतं? ज्या कार्यालयाच्या ताब्यात ते तळं आहे, ज्या कार्यालयानं त्यात मिळणारे सांडपाण्याचे नाले अडवायचे होते, त्याच कार्यालयाचे अधिकारी. ज्याला जाब विचारायचा त्याला आपण मानाची खुर्ची देतो. तळ्याच्या आवारात शिरायला परवानगी त्याच कार्यालयाची लागते, मंडप त्याच्या कृपेनं उभा राहतो, मग आयोजक विचारणार काय? यजमान पाहुण्याची उलटतपासणी घेत नाही. तळ्याची कळकळ असलेली आपल्या शहरातली मोजकी माणसं वर्षातल्या नेमक्या त्या दिवशी यजमान होतात आणि त्यांची तोंडं बंद होतात. कार्यालयाच्या वार्षिक अहवालात मात्र ‘जनजागृती’ या सदराखाली एक ओळ वाढते आणि काम झालं असं धरलं जातं.

खरी मेख कायद्यात आहे. 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसर या गावी पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत 1982 मध्ये त्यात सामील झाला. पाणथळ जागा कशाला म्हणायचं हे ठरवताना त्या कराराने हात आखडता घेतला नाही. निसर्गानं केलेली असो की माणसानं, बारमाही असो की चार महिन्यांची, वाहती असो की थांबलेली, गोडी असो की खारी, सगळी त्यात आली. हा करार झाला तो दिवस आपण साजरा करतो. पण 2017 साली केंद्र सरकारनं जे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम काढले त्यांनी या व्याख्येला कात्री लावली. नद्यांची पात्रं वगळली. भातखाचरं वगळली. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले. सिंचन, मत्स्यपालन, मीठ, मनोरंजन यांसाठी बांधलेली सगळी बांधकामं वगळली.

ही वजाबाकी मराठवाड्याच्या नकाशावर करून बघा. हा काळ्या पाषाणाचा, तुटपुंज्या पावसाचा मुलूख. नैसर्गिक सरोवरं इथं जवळजवळ नाहीतच. लोणारचं आहे, पण ते उल्केच्या आघातानं झालेलं आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं. इथं जे पाणी साठलंय ते माणसानं अडवलेलं आहे. मलिक अंबरानं खडकी वसवली तेव्हापासून या शहराचा इतिहासच पाणी आणण्याचा आणि साठवण्याचा आहे. हर्सूलचा तलाव शहराला पाणी पाजायला आहे. जायकवाडी सिंचनाला. गावोगावचे पाझर तलाव आणि लघुप्रकल्प सिंचनालाच. या सगळ्यांवर हिवाळ्यात बदकं उतरतात, काठच्या चिखलात शेकाटे फिरतात, भोई समाजाची घरं त्यावर चालतात. आणि हे सगळं त्या नियमांच्या बाहेर. ज्या पाण्याच्या नावानं शपथ घ्यायची ते पाणी शपथ घेणाऱ्यांच्याच देशाच्या नियमांत पाणथळ जागा म्हणून मोजलं जात नाही, हे एकाही मुलाला कोणी सांगत नाही. मोठ्यांनाही सांगत नाही.

ही कात्री किती बिनबुडाची आहे हे बघायला परदेशी जायला नको. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, सिंचनासाठी बंधारा झाला. वर्षानुवर्षं त्यात गाळ साठत गेला, उथळ पाणी झालं, बेटं झाली, पाणकणसाची बनं माजली, आणि त्या फसलेल्या साठवणीतून नांदूर मधमेश्वर जन्माला आलं. जानेवारी 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. माणसानं सिंचनासाठी बांधलेला बंधारा जगाच्या यादीत बसतो. तीच गोदावरी खाली वाहत पैठणला येते आणि जायकवाडी धरणात अडून नाथसागर होते. तिथं पुन्हा तीच बदकं, तेच पट्टकादंब, तेच रोहित. पक्ष्यांना वरचा बंधारा आणि खालचं धरण यांतला शासकीय फरक कळत नाही. तो आपल्या नियमांना कळतो.

सर्वोच्च न्यायालयानं हा गुंता ओळखला होता. फेब्रुवारी 2017 मध्येच त्यानं उपग्रहाच्या नकाशात दिसलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांना संरक्षणाची तत्त्वं लागू केली. डिसेंबर 2024 मध्ये, नव्या नकाशानुसार ही संख्या 2,31,195 झाल्यावर, प्रत्येक जागेची प्रत्यक्ष पडताळणी आणि हद्दनिश्चिती तीन महिन्यांत पुरी करा असं राज्यांना सांगितलं. म्हणजे न्यायालयाचं सांगणं साधं होतं, जा, बघा, मोजा, खुणा रोवा. आपल्या जिल्ह्यात किती जागा बघून झाल्या? किती मोजल्या? किती ठिकाणी दगड रोवले? हा आकडा मी आजवर एकाही मंचावरून ऐकलेला नाही. पक्ष्यांच्या किती जाती दिसल्या हे मात्र दरवर्षी सांगितलं जातं.

आता सलीम अली सरोवराकडे वळतो. दिल्ली दरवाजाजवळ, हिमायतबागेच्या समोर असलेलं हे तळं मुघल काळात खिजरी तलाव म्हणून ओळखलं जाई. पुढे त्याला पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचं नाव दिलं गेलं. ज्या माणसानं आयुष्यभर काट्याकुट्यांत बसून पक्ष्यांच्या नोंदी घेतल्या, त्याचं नाव. त्या नावाला शोभेल असं काय आहे तिथं? दाट लोकवस्तीनं वेढलेलं पाणी आणि त्यावर दर काही महिन्यांनी पसरणारी जलपर्णी. मग जलपर्णी काढण्याची मोहीम निघते. स्वयंसेवक उतरतात, यंत्रं येतात, फोटो निघतात, आणि पुढच्या हंगामात जलपर्णी पुन्हा हजर. ती का येते हे विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीला नत्र आणि स्फुरद लागतं. घरगुती सांडपाण्यात, मैल्यात आणि साबणाच्या पाण्यात दोन्ही भरपूर असतं. उन्हाळ्याच्या तोंडावर ती पंधरवड्यात दुप्पट होते. पाण्यावर तिची चादर पसरली की खाली ऊन पोहोचत नाही, शेवाळ आणि पाणवनस्पती मरतात, त्या कुजताना प्राणवायू खातात, मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. जलपर्णी काढायची तर आधी नाला बंद करायला हवा. नाला उघडा ठेवून दर वर्षी जलपर्णी काढणं म्हणजे दर वर्षी ठेका देणं.

कोणी म्हणेल, शहरात सांडपाणी योजना झाली की. झाली, आणि मी ती नाकारत नाही. कांचनवाडीला रोज 161 दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करू शकणारं केंद्र उभं आहे, इतर ठिकाणी लहान केंद्रं आहेत. पण केंद्राची क्षमता ही एक गोष्ट आणि माझ्या गल्लीतला मैला तिथवर पोहोचतो की जवळच्या नाल्यात सुटतो ही दुसरी. पाणथळ दिनाच्या मंचावर महापालिकेच्या ड्रेनेज विभागाच्या अभियंत्याला बोलवा. सरोवराला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचं नाव, त्यातून रोज किती पाणी येतं, ते कधी बंद होणार, हे त्यानं मुलांसमोर वाचून दाखवावं. त्या एका कागदाचं मोल चित्रकलेच्या शंभर बक्षिसांहून जास्त आहे.

सांडपाण्याहूनही मला भीती वाटते ती सुशोभीकरणाची, कारण सांडपाण्याला निदान कोणी चांगलं म्हणत नाही. सुशोभीकरण आलं की काठाला दगडी पिचिंग येतं, त्यावर पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, त्यावर रंगीत दिवे, कठडा, सेल्फीची जागा, जमल्यास कारंजं आणि नावा. नगरसेवकापासून आमदारापर्यंत सगळ्यांना हे हवं असतं, कारण ते दिसतं. सकाळी फिरायला जाणाऱ्यांनाही हवं असतं. पण तळं जगतं ते काठावर. मधलं खोल पाणी पाणकावळ्यासारख्या बुडी मारणाऱ्याचं. बाकी बहुतेकांचा संसार घोटाभर पाण्यात, चिखलात आणि काठच्या गवतात चालतो. शेकाट्या आपली लांब गुलाबी तंगडी किती बुडते ते बघून चरतो. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो. जांभळी पाणकोंबडी पाणकणसात घर करते. बेडूक, गोगलगायी, चतुरांच्या अळ्या, सगळं त्या उथळ पट्ट्यात. तो पट्टा उभ्या भिंतीनं कापला की तळ्याचं टाकं होतं. पाणी तेवढंच राहतं, उलट जास्त साठतं, आणि त्यात राहणारं कोणी उरत नाही. रात्रभर दिवे लावले की उरलेलेही निघून जातात.

पाणकणसाची गोष्ट तर फार लागते. सफाईच्या कामात ‘गवत व झुडपे काढणे’ असं एक कलम असतं. त्या कलमाखाली पाणकणसाची बनं कापली जातात आणि काठ स्वच्छ झाला असा अहवाल जातो. सांडपाण्यातला घातक भाग शोषून घेणारी, पिल्लांना आडोसा देणारी वनस्पती कचरा म्हणून ट्रॉलीत भरायची आणि त्याच काठावर पाणथळ दिनाचा फलक लावायचा. गावाकडच्या तलावांत वेगळं चालू आहे, पण परिणाम तोच. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना शेतकऱ्याच्या भल्याची आहे. तळ्यातला गाळ हलक्या रानात पडला तर पिकं उभी राहतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण पोकलेन लावून काठालगत उभे खड्डे मारले की उथळ पट्टा नाहीसा होतो, गुरं पाण्याला उतरू शकत नाहीत आणि पोरं बुडतात. खोदा, पण काठाला उतार ठेवून खोदा, एवढं सांगायला कोणा तज्ज्ञाची समिती लागत नाही.

खाम नदीचं मात्र मनापासून कौतुक करतो. 2021 पासून महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि नागरिकांनी मिळून या नदीचा शहरातला काही भाग घाणीतून बाहेर काढला. कचऱ्याचे ढीग हटले, काठावर झाडं आली, लोक तिथं जाऊन बसू लागले. डब्ल्यूआरआय या संस्थेच्या जागतिक रॉस पारितोषिकाच्या अंतिम फेरीपर्यंत हे काम पोहोचलं. या शहरात एखादं काम चिकाटीनं होऊ शकतं याचा तो पुरावा आहे, आणि म्हणूनच माझा राग जास्त आहे. जे खामच्या एका टप्प्यावर जमलं ते बाकी ठिकाणी जमत नाही असं आता कोणी म्हणू शकत नाही. खाम शहर ओलांडून, वाळूजच्या औद्योगिक पट्ट्याच्या बाजूनं पुढे जाते आणि नाथसागराच्या फुगवट्यात मिळते. म्हणजे या शहराची घाण घेऊन निघालेली नदी त्याच जलाशयात जाते जिथून या शहराचं पिण्याचं पाणी उचललं जातं. त्या पाण्यासाठी 1,680 कोटींची योजना 2019 मध्ये मंजूर झाली, ती पुढे 2,740 कोटींवर गेली. या काळात गल्लीगल्लीत बायाबापड्या आठवड्याचं पाणी ड्रमात भरून ठेवत राहिल्या. हजारो कोटींचे पाईप टाकून आपण खालून पाणी वर आणतो आणि वरून खाली मैला सोडतो. जो पाणथळ दिन हे एक वाक्य बोलत नाही तो या शहराचा नाही.

आणि नाथसागर. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, शंभराहून जास्त गावांच्या शिवारांवर पाणी चढलं. 1986 मध्ये त्याचं पक्षी अभयारण्य झालं, सुमारे 340 चौरस किलोमीटरचं. ते अभयारण्य आहे म्हणून निदान वन्यजीव कायदा तिथं लागू आहे. बाकी तलावांना तेवढाही आधार नाही. उन्हाळ्याकडे पाणी हटत जातं तशी गाळाची काळीभोर जमीन उघडी पडते आणि तिथं गाळपेर होते. ही गाळपेर करणाऱ्यांत ज्यांच्या बापजाद्यांची रानं पाण्याखाली गेली तीही माणसं आहेत. दुसरीकडे तोच उघडा पडलेला चिखल पक्ष्यांचं पोट आहे. तिथं नांगर, कीटकनाशकं, मोटारी आल्या की पक्षी मागे हटतात. हा खरा, अवघड प्रश्न आहे, त्याला सोपं उत्तर नाही, आणि तो सोडवायचा तर गाळपेर करणारा शेतकरी, मासेमार आणि वनखातं यांना एका सतरंजीवर बसायला लागेल. उत्सवात मात्र शेतकऱ्याचा उल्लेख ‘अतिक्रमण करणारा’ एवढाच होतो आणि मासेमाराचा ‘जाळ्यात पक्षी अडकवणारा’.

दरम्यान शहरातून कॅमेरे घेऊन येणारा एक वर्ग पिंपळवाडीपासून कायगाव टोक्यापर्यंत रविवारी फिरत असतो. त्यातले काही जण रोहित पक्ष्यांचा थवा उडतानाचा फोटो मिळावा म्हणून नाव थेट थव्यात घालायला लावतात. दूरवरून उडून आलेल्या, चरून ताकद साठवणाऱ्या पक्ष्याला पाच-दहा मिनिटांत तीनदा उठवायचं, घरी येऊन फोटोखाली ‘निसर्ग वाचवा’ लिहायचं, आणि त्याच फोटोचं प्रदर्शन पाणथळ दिनाला मांडायचं. अशा फोटोला जो बक्षीस देतो तोही दोषी आहे. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी उडत्या थव्याचा फोटो घेणंच बंद करावं. पुढच्या वर्षी नावा थांबतील.

तरंगत्या सौर प्रकल्पाचा विषय निघाला तेव्हा या सगळ्या उत्सवाची परीक्षा झाली. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीचा प्रकल्प, जागा नाथसागराच्या पाण्याची. त्याविरुद्ध हरित लवादात कोण गेलं? पैठणच्या कहार समाजाची पंच समिती. पाण्यावर पोट असलेली माणसं. 2024 मध्ये लवादानं त्यांचं म्हणणं फेटाळलं, 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही. सौरऊर्जेला माझा विरोध नाही, आणि पाण्यावर पट्ट्या टाकल्या तर बाष्पीभवन कमी होतं हा मुद्दा मराठवाड्यात हलका नाही. पण अभयारण्याच्या पाण्याचा किती भाग झाकला जाणार, कोणता भाग, तिथं हिवाळ्यात काय उतरतं आणि कोणाची जाळी पडतात, हे लोकांसमोर मांडून चर्चा व्हायला हवी होती. ती मागण्याचं काम दुर्बीण घेऊन फिरणाऱ्यांचं होतं. त्यांच्याकडे नोंदी होत्या, भाषा होती, वकील होते. मी पाहिलेल्या एकाही पाणथळ दिनाच्या मंचावर कहार समाजाचं निवेदन वाचलं गेलं नाही. ज्यांनी लढायचं ते भाषण करत होते आणि ज्यांचं कोणी ऐकत नाही ते न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते.

2026 च्या जागतिक पाणथळ दिनाचा विषय होता पारंपरिक ज्ञान आणि सांस्कृतिक वारसा. पारंपरिक ज्ञान पैठणच्या आणि कायगावच्या मासेमारांकडे आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या कोपऱ्यात पाणी किती अंगुळं असतं, कोणता मासा कधी गाभोळीला येतो, वारकरी पक्ष्यांचे थवे कधी आले आणि कोणत्या वर्षापासून कमी झाले, मोठ्या पाणलोटातून आलेला गाळ कुठं बसला, हे त्यांना तोंडपाठ असतं. ते लिहून घेणारा कोणी विद्यापीठातून गेला तर आठवडाभरात वही भरेल.

आपल्याकडे पाण्याचे तीन सोहळे आहेत. पावसाळ्याअखेर धरण भरलं की जलपूजन: खण, साडी, नारळ, पुढाऱ्यांची रांग. पाच ते बारा नोव्हेंबर पक्षी सप्ताह: मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून 2020 पासून राज्य सरकारनं सुरू केलेला. आणि दोन फेब्रुवारी. तिन्ही सोहळे पाणी भरपूर असतानाचे. मे महिन्यात, जेव्हा तळ्याचा तळ भेगाळतो, उरल्या डबक्यात सांडपाण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, मासे मरतात, काठ उघडा पडतो आणि त्यावर रातोरात भराव टाकायला ट्रॅक्टर येतात, तेव्हा एकही सोहळा नाही. तळ्याला माणसांची गरज मे महिन्यात असते.

म्हणून माझी मागणी आहे. गावांत पाणलोटाच्या कामाआधी शिवारफेरी काढतात. सरपंच, तलाठी, ग्रामसेवक आणि शेतकरी रान पायाखाली घालतात, नाला कुठं, बांध कुठं, हे जागेवर ठरतं. तशी काठफेरी दर मे महिन्यात सलीम अली सरोवराला, हर्सूलला आणि तालुक्यातल्या प्रत्येक मोठ्या तलावाला निघाली पाहिजे. हातात भूमी अभिलेखचा नकाशा, सोबत मोजणीदार. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी थांबायचं, पाण्याचा नमुना घ्यायचा, विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत तो तपासायचा. विरघळलेला प्राणवायू किती, जैविक प्राणवायूची मागणी किती, हे दोन आकडे आणि तळ्याचं क्षेत्रफळ दरवाजाशी पाटीवर लिहायचं, तारखेसह, दर महिन्याला. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेसाठी पहाटे उठून मुकाट्यानं पक्षी मोजणारी काही मंडळी या जिल्ह्यात आहेत, त्यांचा मंडप नसतो, त्यांना पाहुणे लागत नाहीत. त्यांच्या नोंदीही त्याच पाटीवर लावा. शाळेच्या मुलांना शपथ देण्याऐवजी टेप द्या आणि काठ मोजायला लावा. आकडा मागच्या वर्षीपेक्षा कमी भरला की पोरं घरी जाऊन बापाला विचारतील, आणि त्या बापांत महापालिकेचे कर्मचारीही असतील, प्लॉट पाडणारेही.

हे जमवलं तर दोन फेब्रुवारीला जरूर जमा. पण मंच उलटा करा. अधिकाऱ्यांनी खाली बसायचं, वर नाथसागराचे मासेमार, गाळपेर करणारा शेतकरी, म्हशी पाण्यावर नेणारा गवळी आणि मोजणी करणारी पोरं. आधी वर्षभराचे आकडे वाचायचे, मग त्यांनी प्रश्न विचारायचे आणि अधिकाऱ्यानं उभं राहून एकेका प्रश्नाला तारखेनिशी उत्तर द्यायचं, आणि ती तारीख इतिवृत्तात लिहायची. पुढच्या वर्षी कार्यक्रमाची सुरुवात त्या इतिवृत्ताच्या वाचनानं व्हावी. एवढा वेळ पाहुण्यांकडे नसेल तर त्यांना बोलावू नका.